डीएसपी ही वेगळी चिप आता फारशी दिसत नाही. मग तिचे काम कोण करते?

ध्वनिवेध (धागाकर्ता)

डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजेच डीएसपी, ही चिप १९८० च्या दशकात बाजारात आली, १९९० च्या दशकात मोबाइल फोनमध्ये जाऊन बसली आणि त्यानंतर नव्या उपकरणांच्या आराखड्यांतून स्वतंत्र भाग म्हणून हळूहळू दिसेनाशी झाली. ती जे काम करीत होती ते मात्र कमी झालेले नाही, उलट कित्येक पटींनी वाढले आहे. हे कसे घडले याची मांडणी करण्याचा प्रयत्न या धाग्यात करतो. जाणकारांनी भर घालावी आणि जेथे पटणार नाही तेथे अवश्य विरोध करावा.

डीएसपीच्या मुळाशी असलेली क्रिया अगदी साधी आहे: दोन संख्यांचा गुणाकार करायचा आणि तो आधीच्या बेरजेत मिळवायचा. ध्वनीतील नको त्या कंप्रता गाळणारा फिल्टर असो, फोनवरील प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणा असो किंवा रडारच्या संकेताचे विश्लेषण असो, हाच गुणाकार आणि हीच बेरीज सेकंदाला लाखो वेळा करावी लागते. साध्या मायक्रोप्रोसेसरला हे का जमत नव्हते, हे आकड्यांतून चांगले कळते. १९७८ सालच्या इंटेल ८०८६ मध्ये दोन १६-बिटी संख्यांच्या एका गुणाकाराला क्लॉकची ११८ ते १३३ आवर्तने लागत, म्हणजे ५ मेगाहर्ट्झ वेगाला सुमारे २५ मायक्रोसेकंद. टेलिफोनवरील आवाजाची सेकंदाला ८,००० सॅम्पल, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापे, घेतली जातात, त्यामुळे दोन सॅम्पलमधील वेळ १२५ मायक्रोसेकंद असतो. तेवढ्या वेळात जेमतेम पाच गुणाकार होत असतील, तर त्यातून उपयोगाचा फिल्टर तयार होणे शक्यच नव्हते.

गणित मात्र चिपच्या कितीतरी आधी तयार होते. भूगर्भात तेल शोधणाऱ्या कंपन्या भूकंपलहरींच्या नोंदींवर १९५० च्या दशकापासूनच संगणकीय प्रक्रिया करू लागल्या होत्या. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी संकेतातील निरनिराळ्या कंप्रता झटपट वेगळ्या काढणाऱ्या फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मची, म्हणजे एफएफटीची, रीत प्रसिद्ध केली. त्यामागे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड गार्विन यांचा आग्रह होता, कारण सोव्हिएत संघाच्या भूमिगत अणुचाचण्या भूकंपमापकांच्या नोंदींतून ओळखण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. १,०२४ सॅम्पलच्या तुकड्याला सरळ पद्धतीने १० लाखांहून अधिक गुणाकार लागतात. एफएफटीने ते ५,१२० वर येतात. गंमत म्हणजे गाउस यांनी हीच युक्ती १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती, पण त्यांचे ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतरच छापले गेले आणि दीर्घकाळ कोणाच्या लक्षात आले नाही.

सिलिकॉनवरचा प्रवास एका खेळण्यापासून सांगता येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ मध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ हे मुलांना इंग्रजी स्पेलिंग शिकवणारे बोलके यंत्र काढले. त्यातील चिप माणसाच्या स्वरमार्गाचे दहा सहगुणकांचे, म्हणजे गुणायच्या दहा संख्यांचे, गणिती प्रतिरूप चालवून आवाज निर्माण करीत असे. ती एकाच कामासाठी घडवलेली होती, तिला नवा प्रोग्राम देता येत नव्हता. परंतु स्वस्त चिपवर प्रत्यक्ष वेळेत आवाज तयार होऊ शकतो हे तिने घरोघरी दाखवून दिले. पुढच्या दोन वर्षांत प्रोग्राम करता येणाऱ्या चिप आल्या. १९७९ च्या इंटेल २९२० मध्ये ॲनालॉग संकेत आत घेण्याची आणि बाहेर देण्याची सोय त्याच चिपवर होती, पण गुणाकाराचे स्वतंत्र मंडल (सर्किट) नव्हते, आणि माझ्या मते तिचे अपयश तेथेच ठरले. बेल लॅब्जची डीएसपी-१ आणि एनईसीची ७७२० या चिपमध्ये ते मंडल होते.

१९८२ मध्ये जाहीर झालेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०१० ने मात्र बाजार उभा केला. १६ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार २०० नॅनोसेकंदांत, म्हणजे एका आवर्तनात. ८०८६ शी तुलना केली तर हा वेग शंभरपटीहून अधिक होता. प्रोग्राम आणि विदा (डेटा) यांच्यासाठी वेगवेगळे मार्ग ठेवणारी हार्वर्ड रचना वापरल्यामुळे पुढची सूचना उचलणे आणि चालू सूचनेसाठी संख्या उचलणे ही कामे एकाच वेळी होत. एलटीडी नावाची एकच सूचना नवी संख्या उचलून घेई, मागचा गुणाकार बेरजेत मिळवी आणि त्याच वेळी सॅम्पल एक घर पुढे सरकवी. तिच्या पाठोपाठ गुणाकाराची सूचना दिली की फिल्टरची एक पायरी ४०० नॅनोसेकंदांत पुरी होई. चिपवरील विदा-मेमरी किती होती? फक्त १४४ शब्द. वेळेच्या हिशेबाने १२५ मायक्रोसेकंदांत तीनशे पायऱ्या बसत होत्या, पण त्या मांडायला चिपवर जागाच नव्हती. त्या काळातील प्रोग्रामरांची निम्मी कला ही १४४ घरे वाटून देण्यात खर्च होत असणार.

पुढील पिढ्यांनी याच पायावर मजले चढवले. मोटोरोलाच्या डीएसपी५६००० मध्ये २४ बिटांची विदा आणि ५६ बिटांचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे चालू बेरीज साठवणारा कप्पा, होता. दोन २४-बिटी संख्यांच्या गुणाकाराला ४८ बिट लागतात. वरचे आठ बिट मोकळे असल्यामुळे २५६ बेरजा होईपर्यंत उत्तर ओसंडून जाण्याची भीती नव्हती, आणि म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ती चिप लोकप्रिय झाली. सॅम्पल मेमरीत प्रत्यक्ष सरकवण्याऐवजी फक्त पत्ता रहाटासारखा फिरत ठेवणारी वर्तुळाकार बफरची सोय थेट सिलिकॉनमध्ये आली. १९९७ मध्ये टीएमएस३२०सी६२०१ आली तेव्हा एका आवर्तनात आठ सूचना आणि २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६० कोटी सूचना, असा वेग गाठला गेला होता.

याच सुमारास उलटा प्रवाहही सुरू झाला. इंटेलने १९९७ मध्ये पेंटियममध्ये एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या एमएमएक्स सूचना आणल्या. फील्ड प्रोग्रामेबल गेट ॲरे, म्हणजे एफपीजीए, या आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपमध्ये गुणाकाराची तयार मंडले आली आणि २००४ च्या व्हर्टेक्स-४ मालिकेत तर त्यांना नावच ‘डीएसपी४८’ असे मिळाले. २०१० मध्ये एआरएमने कॉर्टेक्स-एम४ जाहीर करून साध्या मायक्रोकंट्रोलरमध्येही एका आवर्तनाचा गुणाकार-बेरीज आणून ठेवला. जे वैशिष्ट्य होते ते सर्वांकडे आल्यावर वेगळ्या चिपची गरज कोणाला उरणार? माझे मत असे की डीएसपी संपला नाही, तो इतरांच्या पोटात गेला. आपल्याला काय वाटते?

तळटीप

उत्तम धागा. वाचतो आहे. मोबाइलविषयी आणखी येऊ द्या.

जुना_टेलिफोनवाला

धागाकर्त्यांनी गुणाकाराला दिलेले श्रेय योग्य आहे, पण ते अर्धेच आहे असे मी म्हणेन. दुसरा अर्धा भाग वेळेचा आहे. १२५ मायक्रोसेकंदांत उत्तर तयार झाले नाही तर पुढचे सॅम्पल दारात उभे असते, आणि सरासरीने वेळ पाळली या म्हणण्याला तेथे काहीच अर्थ नसतो. प्रत्येक वेळी, अपवाद न करता, तेवढ्याच आवर्तनांत काम होणे ही डीएसपीची खरी ओळख होती. प्रत्येक सूचनेला किती आवर्तने लागतील हे पुस्तकात छापलेले असे आणि कागदावर बेरीज करून प्रोग्राम वेळेत बसतो की नाही हे सांगता येत असे.

प्रतिध्वनीचे उदाहरण घेऊ. आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलता येऊ लागले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो आणि पलीकडच्या तारजोडणीतून परतलेला आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने कानावर पडतो. यावरचा जुना उपाय म्हणजे एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट बंद करणे. दोघे एकदम बोलले की शब्द तुटत. खरा उपाय होता तो प्रतिध्वनीचे प्रतिरूप स्वतः तयार करून वजा करण्याचा. प्रत्येक जोडणी वेगळी असल्यामुळे ते प्रतिरूप आधी ठरवता येत नाही, बोलणे चालू असतानाच शिकावे लागते. शिकण्याची रीत विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्येच दिली होती. १६ मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीसाठी १२८ सहगुणक लागतात. त्यांनी आवाज गाळायचा आणि प्रत्येक सॅम्पलला ते सर्व सहगुणक थोडे सुधारायचेही, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांत २५६ गुणाकार-बेरजा. बेल लॅब्जने १९८० च्या सुमारास हे काम एका चिपवर बसवले.

तळटीप यांनी मोबाइलविषयी विचारले आहे. टेलिफोनच्या तारेवर आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. रेडिओलहरी तेवढ्या उपलब्ध नसतात, म्हणून जीएसएम या मोबाइल फोनच्या मानकाने २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक तुकड्याचे २६० बिट केले, म्हणजे सेकंदाला १३,०००. प्रत्येक फोनमध्ये हा संकोचन-विस्तार अखंड चालवावा लागतो, शिवाय रेडिओमार्गावरील विकृती दूर करायची, चुका दुरुस्त करायच्या आणि हे सारे छोट्या बॅटरीवर. भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. या कामासाठी पुरेशी कमी वीज खाणाऱ्या डीएसपी तोवर तयार झालेल्या होत्या.

येथे बिष्णू अटल यांचा उल्लेख केलाच पाहिजे. कानपूरला जन्मलेले, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि पुढे बेल लॅब्जमध्ये गेलेले हे शास्त्रज्ञ आवाजाच्या रेषीय पूर्वानुमान पद्धतीच्या, म्हणजे मागील सॅम्पलवरून पुढचे ताडण्याच्या रीतीच्या, जनकांपैकी एक आहेत. १९८५ मध्ये त्यांनी मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासह आवाज थोडक्या बिटांत बसवणारी सेल्प ही पद्धत मांडली. त्या वेळी एका सेकंदाच्या आवाजावर प्रक्रिया करण्यास क्रे-१ या महासंगणकाला १२५ सेकंद लागले होते. अशी पद्धत कोणी उपयोगाची मानली असती का? तरीही शोध घेण्याच्या रीती सुधारत गेल्या, चिप वेगवान होत गेल्या, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच पद्धतीची सुधारित रूपे लोकांच्या खिशातील फोनमध्ये चालू लागली. डीएसपीच्या इतिहासात यापेक्षा मोठी झेप मला दिसत नाही.

ध्वनिवेध (धागाकर्ता)

वेळेचा मुद्दा मान्य, पण तो डीएसपीपुरता मर्यादित कसा मानता येईल? गाडीतील इंजिन नियंत्रकालाही वेळ पाळावीच लागते आणि तो साध्या मायक्रोकंट्रोलरवर वर्षानुवर्षे चालत आला आहे. डीएसपीला वेगळेपण देणारी गोष्ट वेळेच्या बंधनातच होणाऱ्या गुणाकारांची संख्या आहे. दोहोंपैकी एक काढले तर दुसरी सामान्य प्रोसेसरलाही झेपते.

भोसरीचा_अभियंता

मी मोटर नियंत्रणाच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे गुणाकार फार नसतात, तरी आम्ही डीएसपीच्याच वंशातील चिप वापरतो, त्यामुळे धागाकर्त्यांची व्याख्या मला थोडी अरुंद वाटते.

विद्युत दुचाकी, इन्व्हर्टर एसी किंवा कारखान्यातील सर्व्हो यांच्या मोटरमध्ये तीन तारांतून येणारे तीन बदलते प्रवाह असतात. ते प्रवाह क्लार्क आणि पार्क या दोन रूपांतरांनी रोटरबरोबर फिरणाऱ्या अक्षांवर मांडले की त्यांच्या जागी दोन जवळजवळ स्थिर संख्या मिळतात: एक चुंबकीय क्षेत्राची आणि एक घूर्णनबलाची. त्या संख्या हव्या तेथे आणायच्या आणि उलट रूपांतर करून ट्रान्झिस्टर किती वेळ चालू ठेवायचे ते ठरवायचे. हे चक्र सेकंदाला १० ते २० हजार वेळा चालते, म्हणजे प्रत्येक फेरीस ५० ते १०० मायक्रोसेकंद. १५० मेगाहर्ट्झच्या चिपवर ५० मायक्रोसेकंदांत ७,५०० आवर्तने मिळतात; ऐकायला हा आकडा मोठा आहे, पण त्यातच कोनांच्या ज्या आणि कोज्या (साइन आणि कोसाइन), संरक्षणाच्या तपासण्या आणि संवादाची कामे बसवायची असतात.

आमच्या उपयोगात उत्तर उशिरा आले तर आवाजात खरखर येऊन भागत नाही. प्रवाह मर्यादेबाहेर जातो आणि पॉवर ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून आम्हाला चिपवर प्रोसेसरइतकेच महत्त्व भोवतालच्या भागांचे वाटते. प्रवाहाचे सॅम्पल ट्रान्झिस्टरच्या उघडझापेच्या नेमक्या मध्याला घ्यावे लागते, अन्यथा त्यात स्विचिंगचा गोंगाट मिसळतो. त्यासाठी ॲनालॉग-डिजिटल रूपांतरक आणि उघडझापेच्या वेळा ठरवणारा पीडब्ल्यूएम टायमर यांची थेट सांगड चिपमध्येच असावी लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सी२००० मालिका याच कारणाने टिकून आहे. ती डीएसपीच्या वंशातील असली तरी आज तिची जाहिरात मायक्रोकंट्रोलर म्हणून होते.

कॅशविषयी, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीविषयी, एक इशारा देतो. सामान्य प्रोसेसरवर तीच सूचना एकदा कॅशमधून एका आवर्तनात मिळते आणि एकदा बाहेरील मेमरीतून शेकडो आवर्तनांनी मिळते. सरासरी वेळ उत्तम दिसतो, पण सर्वांत वाईट वेळ किती हे सांगता येत नाही. जुना_टेलिफोनवाला जे म्हणत आहेत ते आमच्या रोजच्या अनुभवाचे आहे: नियंत्रणाचा गाभा आम्ही आजही कॅश नसलेल्या, चिपवरच्याच मेमरीत ठेवतो.

श्रवणा

श्रवणयंत्रांचे क्षेत्र या चर्चेत यायला हवे, कारण तेथे ना जागा आहे ना वीज. पूर्णतः डिजिटल श्रवणयंत्रे १९९६ च्या सुमारास बाजारात आली. कानामागे बसणाऱ्या यंत्रात १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल असतो आणि सगळ्या यंत्राला मिळून एक-दोन मिलिॲम्पियर प्रवाहात काम भागवावे लागते, तेही अनेक दिवस. मायक्रोफोन, चिप आणि कानातील छोटा स्पीकर या सर्वांचा त्यात वाटा असतो. या चिप अजूनही विशेष घडणीच्या असतात, त्यामुळे स्वतंत्र डीएसपी ‘इतरांच्या पोटात गेला’ हे विधान आमच्या क्षेत्राला तितकेसे लागू पडत नाही.

यंत्राचे मुख्य काम आवाज मोठा करणे इतकेच असते असे बहुतेकांना वाटते. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र पूर्वीइतकेच मोठे आणि कित्येकदा त्रासदायक वाटतात. म्हणून संकेताचे कंप्रतेनुसार अनेक पट्टे करून प्रत्येक पट्ट्यात हळू आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढ द्यावी लागते. हे करताना विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. कानातल्या साच्याच्या छिद्रातून मूळ आवाजही आत शिरत असतो, आणि यंत्रातून उशिरा आलेला आवाज त्यात मिसळला की काही कंप्रता परस्परांना खोडून टाकतात व स्वतःचा आवाज पोकळ भासू लागतो.

दुसरे काम शिट्टी थांबवण्याचे. स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्यात बोटभर अंतरही नसते, त्यामुळे आवाज फिरून मायक्रोफोनमध्ये येतो. येथेही वर सांगितलेला शिकणारा फिल्टरच वापरतात. मात्र या फिल्टरची एक अडचण शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हमखास जाणवते. दीर्घकाळ टिकणारा स्थिर स्वर आणि शिट्टी यांत फिल्टरला फरक करता येत नाही. बासरीचा लांबवलेला षड्ज आला की तो खोडण्याच्या प्रयत्नात फिल्टर स्वतःचाच एक कंप मिसळून देतो. गोंगाट कमी करणारी यंत्रणा तर बोलण्यातील चढउतारांवरून बोलणे ओळखते आणि जे फारसे चढत-उतरत नाही त्याला पंख्याचा आवाज समजून दाबते. तानपुरा त्याच वर्गात जमा होतो. यासाठी यंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्राम बसवून घ्यावा, ज्यात या दोन्ही सोयी मंद किंवा बंद केलेल्या असतात. घरातील ज्येष्ठांचे श्रवणयंत्र जुळवून घेताना ही मागणी मुद्दाम करावी, कारण ती आपण होऊन क्वचितच पुरवली जाते.

शिकाऊ_परिगणक

सर्वांचे आभार, पुष्कळ नवे कळले. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी शंका अशी की आता ग्राफिक्स प्रोसेसर इतके वेगवान आहेत तर रेडिओ, रडार अशी मोठी कामे सरळ त्यांच्यावर का करू नयेत? तेथे तरी डीएसपी किंवा एफपीजीए यांची काय आवश्यकता आहे?

नारायणगावचा_तारा

शिकाऊ_परिगणक, आपल्या शंकेचे उत्तर आमच्या शेजारीच उभे आहे. खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या इंग्रजी वाय आकाराच्या मांडणीत उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला हा प्रकल्प पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. दोन-दोन डिशच्या जोड्या लावल्या तर ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीतील संकेत एकमेकांशी गुणून सरासरी काढली की आकाशाच्या चित्राचा एक अंश मिळतो. म्हणजे धागाकर्त्यांचा गुणाकार-बेरीज येथे अख्ख्या दुर्बिणीचा प्राण आहे.

आरंभी हे काम त्यासाठीच घडवलेल्या चिपच्या यंत्रणेवर चालत असे आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता येत असे. २०१० च्या सुमारास संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा आली. त्यानंतरच्या मोठ्या सुधारणेत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला गेला. ४०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला किमान ८० कोटी सॅम्पल लागतात. ३० डिश आणि प्रत्येकीचे दोन ध्रुवण, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशा, धरले तर सेकंदाला ४,८०० कोटी सॅम्पल होतात. या ठिकाणी कामाची विभागणी केली आहे. रूपांतरकातून धडाधड येणारी सॅम्पल स्वीकारून त्यांची पाकिटे बांधण्याचे काम एफपीजीए करतात, कारण तेथे एकही आवर्तन चुकवून चालत नाही. एफएफटी आणि जोड्यांचे गुणाकार ग्राफिक्स प्रोसेसर करतात, कारण पाकिटे एकदा मेमरीत आली की सेकंदाच्या काही अंशांचा उशीर खपतो. फक्त दीर्घकाळात मागे पडता कामा नये. त्यामुळे ‘वेळेचे बंधन’ या एकाच शब्दसमूहात दोन वेगळ्या गोष्टी मिसळू नयेत. भोसरीचा_अभियंता यांना ५० मायक्रोसेकंदांत उत्तर हवे असते. दुर्बिणीला उत्तराची घाई नसते, पण ओघ अडून चालत नाही.

आणखी एक काम एफपीजीएकडेच दिले आहे. परिसरातील उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांवर ठिणग्या पडतात आणि त्यांचे अतिशय तोकडे, तीव्र रेडिओस्पंद दुर्बिणीत शिरतात. ते सरासरी काढण्यापूर्वीच ओळखावे लागतात, कारण सरासरीत मिसळल्यानंतर वेगळे करता येत नाहीत. नेहमीचे प्रमाण विचलन येथे कुचकामी ठरते. मोठा स्पंद ते विचलनच फुगवून ठेवतो. म्हणून मध्यकावर आधारलेले माप वापरून प्रत्यक्ष वेळेत असे स्पंद बाद केले जातात.

तळटीप

थोडा विरोध नोंदवतो. ग्राफिक्स प्रोसेसर, एफपीजीए, मायक्रोकंट्रोलर, श्रवणयंत्र अशा सर्वांना डीएसपीचे वंशज म्हणायचे, तर व्याख्येला काही अर्थच उरत नाही. उद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपलाही आपण डीएसपी म्हणाल.

ध्वनिवेध (धागाकर्ता)

तळटीप, म्हणेन, निदान अर्धवट तरी. गूगलच्या पहिल्या टीपीयू या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपमध्ये ८-बिटी गुणाकार-बेरजेची २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ मंडले जाळीसारखी मांडलेली होती, आणि एकातून निघालेली संख्या मेमरीत न जाता थेट शेजारच्या मंडलात जात असे. ही मांडणी कुंग आणि लायझरसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि तिच्या पहिल्या उपयोगांत सिग्नल प्रक्रियाच होती. क्वालकॉमचे उदाहरण तर अधिक थेट आहे. तिचा हेक्सागॉन हा फोनमधील मोडेम आणि आवाज यांसाठीचा डीएसपी होता. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या स्नॅपड्रॅगन ८२० मध्ये त्याला १,०२४ बिट रुंदीच्या सूचना छायाचित्रांच्या प्रक्रियेसाठी मिळाल्या, आणि आज त्याच नावाची वाढवलेली रचना न्यूरल प्रोसेसर म्हणून विकली जाते.

हे साम्य वरवरचे नाही, त्यामागे ऊर्जेचा हिशेब आहे. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे पाहावेत. ८-बिटी पूर्णांक गुणाकाराला ०.२ पिकोज्यूल लागतात, ३२-बिटी दशांश-तरंगी (फ्लोटिंग पॉइंट) गुणाकाराला ३.७, आणि चिपबाहेरील डीरॅम मेमरीमधून एक ३२-बिटी संख्या आणायला ६४०. गुणाकार जवळजवळ फुकट आहे, संख्या आणणे महाग आहे. वेगळ्या मेमरी, वर्तुळाकार बफर, सॅम्पल शक्य तितका वेळ चिपवरच ठेवणे या डीएसपीवाल्यांच्या सवयी १९८२ मध्ये मेमरीच्या टंचाईमुळे लागल्या होत्या; आता त्याच सवयी विजेच्या टंचाईमुळे सर्वांना लावून घ्याव्या लागत आहेत. कमी बिटांचे अंकगणित जपून वापरण्याची कलाही त्याच घराण्यातली.

श्रवणयंत्राबाबत श्रवणा यांचे म्हणणे मात्र मला मान्य करावेच लागेल. तेथे चिप आजही स्वतंत्र आहे आणि बराच काळ तशीच राहील असे दिसते.

शिकाऊ_परिगणक

मग शिकायला सुरुवात कोठून करावी? माझ्याकडे १६८ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ असलेला बोर्ड आहे. त्यावर ढोलकीच्या आवाजाला प्रत्यक्ष वेळेत फिल्टर लावायचा विचार आहे.

भोसरीचा_अभियंता

तो बोर्ड पुरेसा आहे. ४८,००० सॅम्पलच्या वेगाला आपल्याला प्रत्येक सॅम्पलमागे ३,५०० आवर्तने मिळतील. हा आकडा आधी वहीत लिहा आणि प्रत्येक नवे काम त्यातून वजा करत जा. या चिपवर दोन १६-बिटी गुणाकार-बेरजा एका सूचनेत होतात, परंतु सॅम्पल आणि सहगुणक उचलण्याच्या सूचना वेगळ्या मोजाव्या लागतात. अस्सल डीएसपीत त्या गुणाकाराबरोबरच होतात, आणि हा फरक आपल्याला मोजमापात लगेच दिसेल.

चिपमध्ये दशांश-तरंगी मंडल असले तरी पहिला फिल्टर क्यू१५ पद्धतीने, म्हणजे -१ ते जवळजवळ +१ या मर्यादेतील १६-बिटी अपूर्णांकांनीच लिहा. त्यात -१ गुणिले -१ चे उत्तर +१ येते आणि ते या मर्यादेत बसतच नाही. अशा वेळी उत्तर कमाल संख्येवर थांबवले नाही तर ते उलटून -१ होते आणि स्पीकरमधून जोरदार कडाका ऐकू येतो. ढोलकीच्या थापेत शिखरे तीव्र असतात, त्यामुळे हा प्रसंग लवकरच येईल.

सॅम्पल डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत नेणाऱ्या सोयीने, घ्या आणि दोन बफर आलटून पालटून वापरा. ६४ सॅम्पलचा तुकडा ठेवलात तर तो भरायला १.३३ मिलिसेकंद लागतात आणि बाहेर पडायला तितकेच, म्हणजे वाजवणाऱ्याला सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांचा विलंब होईल, जो चालून जातो. १,०२४ चा तुकडा ठेवलात तर तोच विलंब ४० मिलिसेकंदांच्या पुढे जाईल आणि हात व आवाज यांची फारकत होईल. प्रक्रिया सुरू होताना एक पिन उंचावा, संपताना खाली आणा आणि ऑसिलोस्कोपवर पाहा. सरासरी पाहू नका, सर्वांत रुंद स्पंद शोधा.